चारशे अकरानंतरचं पान

आमच्या ग्रंथालयात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'कुठूनबाई'. हे नाव मीच पाडलं होतं. बावीस वर्षं मी देवघेवीच्या काउंटरवर बसलो आणि ती माझ्या डाव्या हाताला, तीन पावलांवर. त्यामुळे तिचा छळ सगळ्यांत जास्त मी सोसला आहे आणि तिच्याबद्दल बोलायचा पहिला हक्कही माझाच आहे.

काहीही सांगायला जा, ती चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, "हे कुठून?" एकदा मी मोठ्या आनंदानं सांगितलं की शनिवारी सुट्टी आहे.

"कुठून?"

"शिपायानं सांगितलं."

तिनं शिपायाला गाठलं. तो म्हणाला, झाडूवाल्या काकूंनी सांगितलं. काकू म्हणाल्या, ग्रंथपालसाहेब म्हणत होते. मग ही बया उठून थेट साहेबांच्या खोलीत. साहेब म्हणाले, "मला तर काउंटरवरून कळलं." म्हणजे माझ्याकडूनच! आदल्या दिवशी मी आळस देत म्हणालो होतो की शनिवारी सुट्टी मिळाली तर काय बहार येईल. तीन तोंडं फिरून माझीच इच्छा मला बातमी होऊन परत मिळाली होती.

"तिघांनी सांगितलं म्हणजे तीन साक्षीदार झाले असं नाही, भाऊ," ती म्हणाली. "एकच अफवा तीन घरी पाहुणचार घेऊन आली."

त्या दिवशी मला तिचा असा राग आला होता की मी दोन दिवस बोललो नाही. आज मात्र ही गोष्ट मी ज्याला त्याला स्वतःहून सांगतो.

मुळात ती पुस्तकबांधणीतली. तिचे वडील याच ग्रंथालयात बांधणी करायचे. दहावीनंतर तिची शाळा सुटली आणि एकोणिसाव्या वर्षी ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. मागच्या अंगणाकडच्या खोलीत लोखंडी दाबयंत्र, जाड दोरा, सुया आणि खळीचा डबा. फाटकी पुस्तकं आत जायची आणि आठ दिवसांनी ताठ कण्यानं बाहेर यायची. वडील गेले तेव्हा खोली तिच्याकडे आली. पुढे ती खोलीच बंद झाली. त्या जागी सहा संगणक आले आणि माझ्या काउंटरशेजारच्या टेबलाच्या वर 'वाचक मदत' अशी पाटी लागली. त्या पाटीखाली बसायला कुणी तयार होईना, कारण दिवसभर विद्यार्थ्यांची कटकट. साहेबांनी तिला तिथे बसवलं. बसवलं म्हणजे काय, अडगळीत टाकलं.

दोन वर्षांत तिच्या टेबलासमोर रांग लागायला लागली.

कायद्याच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी एक निबंध असायचा. देशाची राज्यघटना लिहिली जात असताना घटनासभेत काय चर्चा झाली, कुठल्या कलमावर कोण काय बोललं, असा. पोरं संगणकावर दोन शब्द टाकायची, वर जे येईल ते उचलायची आणि 'झालं' म्हणायची. ती म्हणायची, "झालं काय? आत्ता कुठे दार वाजवलंय." मग तिचे प्रश्न सुरू. लिहिलं कोणी? कधी लिहिलं? छापण्याआधी जाणत्या माणसानं तपासलं का? आणि खाली टिपा आहेत का? लेख कितीही मोठा असो, ती आधी सरसर खाली जायची, शेवटाला. "पुढून सगळीच पुस्तकं देखणी असतात," म्हणायची. "शिवण मागून कळते."

एकदा एक विद्यार्थिनी सोनेरी अक्षरांचं, वर झेंडा फडकणारं एक संकेतस्थळ घेऊन आली. त्यावर घटनासभेची शंभर 'अमर वचनं' होती. बाईनं पूर्ण पान धुंडाळलं. चालवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, एकाही वचनाखाली तारीख नाही. "ज्याला स्वतःचं नाव सांगायची लाज वाटते त्याचं आपण का ऐकायचं गं?" तिनं विचारलं. पोरगी खजील झाली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याकडेच आली.

मी खवचटपणे म्हणायचो, "दहावी पास बाई, आणि पीएच.डी.वाल्यांच्या टिपा तपासतेय. लहान तोंडी मोठा घास, दुसरं काय!" ती हसायची. "घास मोठा आहे खरा, भाऊ. म्हणून तर चावून खाते."

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमच्या ग्रंथालयाची नवी इमारत उभी राहिली. दर्शनी दाराच्या वर एक लांबरुंद काळा दगड बसवायचा आणि त्यावर एक चांगलं वाक्य कोरायचं ठरलं. समितीचे अध्यक्ष प्राध्यापक होते. राज्यघटनेच्या इतिहासावर त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. माणूस सरळ होता, पण स्वतःच्या विद्वत्तेवर अंमळ जास्तच लोभ. त्यांनी घटनासभेतल्या चर्चेतलं एक वाक्य निवडलं. सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या असतील, या कलमावरच्या चर्चेतलं:

'दार उघडं आहे, एवढंच लिहू नका. आत आलेल्याला बसायला जागा मिळेल, हेही लिहा.'

वाक्याखाली नाव यायचं होतं घटनासभेच्या सभापतींचं. उद्घाटनाचं पत्रक टाइप केलं मी. वाक्य झकास होतं, मला स्वतःला आवडलं होतं. पाथरवटानं वाक्य कोरायला घेतलंही. नाव तेवढं पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी कोरायचं होतं.

बुधवारी सकाळी शिलाईमावशी काउंटरला आल्या. शिलाईमावशी म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांच्या, गावातल्या तीन पिढ्यांचे कपडे शिवलेल्या. हात कापायला लागल्यापासून मशीन बंद होतं आणि रोज दहाच्या ठोक्याला त्या वर्तमानपत्र वाचायला यायच्या. हातात माझं पत्रक होतं.

"हे वाक्य माझ्या आईचं आहे," त्या म्हणाल्या.

त्यांची आई गावची सुईण होती. घटनासभेत आमच्या भागातून तिला निवडून पाठवलं होतं, एवढं गावाला ऐकून माहीत होतं. सभेच्या समूहचित्रात शेवटच्या रांगेत अर्धा चेहरा दिसतो, तो तिचा. पण ती तिथे कधी काही बोलली होती, असं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"मावशी, तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"आई सांगायची."

मी हसलो. खोटं का बोलू, हसलो. "मावशी, आई काहीही सांगेल. मोठमोठ्या विद्वानांच्या पंधरा लेखांत सभापतींचं नाव आहे. मी स्वतः संगणकावर बघितलंय."

त्यांनी पत्रकाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "आईनं आयुष्यात कुठे नाव लावलं नाही हो. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली, पण तिच्या नावाची एक पाटी नाही. हे एकच वाक्य होतं तिचं. दगडावर दुसऱ्याचं नाव लागलं की मी कुणाकुणाला सांगत बसू?"

डाव्या बाजूनं प्रश्न आला. "भाऊ, ते पंधरा लेख कुठून?"

मी कपाळावर हात मारला. पण बाईनं मावशींना आपल्या टेबलाशी नेलं, स्वतःची खुर्ची त्यांना दिली आणि कामाला लागली.

गुरुवारी दिवसभर ती त्या पंधरा लेखांच्या मागे होती. सगळे नावाजलेल्या नियतकालिकांतले, तज्ज्ञांनी तपासून छापलेले. सोनेरी अक्षरांचा मामला नव्हता. तिनं पुस्तकांच्या नोंदींची जुनी कार्डं, म्हणजे तालिकापत्रं, घेऊन त्यांच्या कोऱ्या पाठी वर केल्या, एकेका पत्रावर एकेक लेख लिहिला आणि त्यानं कुणाचा आधार दिलाय ते खाली लिहिलं. संध्याकाळपर्यंत टेबलावर पत्रांचं झाड तयार झालं. अकरा लेखांनी तीन लेखांचा आधार दिला होता. त्या तिघांनी एका जुन्या लेखाचा. आणि त्या लेखानं एका विधी संस्थेच्या संकेतस्थळाचा, जिथे घटनासभेच्या चर्चेचे सगळे खंड पानापानांची चित्रं घेऊन चढवले होते.

"पंधरा साक्षीदार," ती म्हणाली, "आणि प्रत्यक्ष पाहिलेला एकच."

मला माझी शनिवारची सुट्टी आठवली.

"मग ते संकेतस्थळ टाकाऊ?" मी विचारलं.

"छे, उत्तम आहे. प्रत कुठली, कुणी कधी चित्रं काढली, सगळं लिहून ठेवलंय. असा प्रामाणिक माणूस चुकला तर कुठे चुकला ते शोधता तरी येतं."

शुक्रवारी तिनं सातवा खंड उघडला. जो कुणी विद्वान तिथवर गेला, तो शोधचौकटीत वाक्य टाकून थेट त्या ओळीवर उतरला होता. ही आपल्या सवयीनं मागून शिरली, शेवटच्या नामसूचीतून. आणि तिथे बारीक टायपात सुईणीचं नाव होतं. नावापुढे एकच आकडा, ४१२.

मावशी शेजारीच होत्या. नाव दिसलं तशी त्यांनी पडद्याला बोट लावलं. "ही माझी आई," म्हणाल्या.

बाईनं ४१२ उघडायला घेतलं, तर ते पानच नाही. ४११ होतं. त्याच्यापुढे ४१४.

पान ४११च्या तळाशी सभापती बोलत होते: 'बोलणाऱ्यांची यादी मोठी आहे, तरी एक गोष्ट सभागृहाने ऐकून घ्यावी.' आणि ४१४च्या माथ्यावर ते वाक्य: 'दार उघडं आहे, एवढंच लिहू नका.' सांधा असा बेमालूम बसला होता की कुणालाही वाटावं, सभापतीच पुढे बोलत आहेत. त्याच्या पुढची ओळ मात्र मजेशीर होती. 'सभापती : सन्माननीय सदस्यांचे आभार.'

"म्हणजे सभापतींनी स्वतःचेच आभार मानले?" मी विचारलं.

"पंधरा विद्वानांना ते खटकलं नाही," बाई म्हणाली. "उलट एका लेखात त्यावर अर्धं पान आहे. सभापतींचा दुर्मीळ विनय, म्हणून."

"पानं फाटली असतील."

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी पुस्तकाला चमच्यानं खळ लावत होतो. टेबलावरचं एक पत्रक घेतलं, मधोमध दुमडलं आणि माझ्या हातात दिलं. "पान फाटतं तेव्हा दोन्ही बाजूंनी जातं. फाटलं असतं तर ४११ आणि ४१२ गेली असती, नाहीतर ४१३ आणि ४१४. मधलीच दोन कशी जातील? आता हा दुमडलेला कागद पुस्तकात शिवलाय असं समजा. घडीची कड तुमच्याकडे, आणि ती कापायची राहून गेलीय. उलटा बघू."

मी उलटला. दोन्ही पानं मिळून एकच उलटलं गेलं.

"वर ४११ दिसलं. उलटल्यावर ४१४. आणि ४१२, ४१३ कुठे आहेत?"

मी घडीच्या आत बोट घातलं. दोन्ही तिथे होती.

"छापखान्यात मोठा कागद दुमडून शिवतात आणि मग कडा कापतात," ती म्हणाली. "कधीकधी एखादी घडी आत सरकते, सुरीखाली सापडत नाही. वडील असं पुस्तक आलं की हाडाच्या पट्टीनं उघडायचे. चित्रं काढणाऱ्यानं जोडपान एकच समजून उलटलं असणार. मावशी, तुमची आई या घडीत आहे."

मावशींनी पत्रक माझ्या हातातून घेतलं आणि पदराआड ठेवून दिलं.

दुसऱ्या दोन संकेतस्थळांवरही सातवा खंड होता. मी म्हटलं, चला, आणखी दोन प्रती मिळाल्या. पण तिनं पान ३९६ उघडून दाखवलं. कोपऱ्यात चित्रं काढणाऱ्याचा अंगठा आला होता, पट्टी बांधलेला. तिन्ही ठिकाणी तोच अंगठा, तीच पट्टी. एकाच प्रतीची चित्रं तिघांनी वापरली होती.

शनिवारी आम्ही प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, त्या सुईण ४१२वर बोलल्या असतील. पण ४१४वरचं वाक्य त्यांचंच कशावरून? मधल्या दोन पानांत आणखी कुणी बोललं असेल. सूचीच्या एका आकड्यावर मी दगड बदलू?"

मला वाटलं, आता ही भांडणार. पण ती म्हणाली, "बरोबर आहे सर. मीही नसता बदलला."

"शुक्रवारी सकाळी अकराला पाथरवट येतोय. तोपर्यंत पानं दाखवा."

बाहेर आल्यावर मीच तडतडलो. "त्यांचं बरोबर आहे काय म्हणता? तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"पानाच्या," ती म्हणाली.

तिनं विधी संस्थेला सविस्तर पत्र पाठवलं: खंड, पान, अंगठा, घडी. उत्तर यायला किती दिवस लागतील देव जाणे, म्हणून दुसरी प्रत शोधायला घेतली. मोठ्या शोधयंत्रांना जे सापडत नाही ते लहान ग्रंथालयांच्या याद्यांत असतं, हा तिचा अनुभव. सोमवारी संध्याकाळी पाच वाजता एका दूरच्या डोंगराळ गावातल्या अध्यापक महाविद्यालयाची यादी सापडली. त्यात ओळ होती: 'घटनासभा चर्चा, खंड १ ते ९. स्थिती नव्यासारखी.'

"नव्यासारखी म्हणजे कुणी हात लावलेला नाही," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हात चोळले.

मंगळवारी फोन लावला. तिथला ग्रंथालय परिचर होता.

"दादा, सातवा खंड हातात घ्या. पान ४११ आलं? आता हळूच पुढचं उलटा. काय आलं?"

थोडा वेळ कागदाची खसखस. "चारशे चौदा. अहो बाई, हे पान जाड लागतंय."

मी तिच्या टेबलाला कान लावून उभा होतो. माझ्या काउंटरवर तीन वाचक खोळंबले होते. खोळंबू देत.

"दादा, ते जोडपान आहे. आत दोन पानं आहेत. नुसतं कडेनं उघडायचंय."

"म्हणजे कापू? नको बाई. कॉलेजचं पुस्तक आहे. एवढी वर्षं धड राहिलंय आणि मी कापलं म्हणून माझ्या नावानं शिमगा होईल. प्राचार्य बाहेरगावी आहेत, गुरुवारी येतील. त्यांनी हो म्हटलं तरच."

बुधवार कसा गेला ते विचारू नका. मी दोन पुस्तकं चुकीच्या माणसांना दिली. मावशी रोजच्यासारख्या आल्या, वर्तमानपत्र उघडलं, पण तासभर पान उलटलं नाही. बाई मात्र एका विद्यार्थ्याला टिपा कशा वाचायच्या ते शिकवत होती. मला तिच्या शांतपणाची चीड आली. नंतर बघितलं तर तिनं पेन्सिलीचं टोक चावून पार भुगा केला होता.

गुरुवारी दुपारी साडेतीनला फोन आला. प्राचार्यबाई स्वतः बोलत होत्या. परवानगी दिली होती आणि बघायलाही उभ्या होत्या. बाईनं फोन टेबलावर ठेवून मोठा केला.

"दादा, धारदार सुरी नको. बोथट पट्टी घ्या. लाकडी असली तरी चालेल. पुस्तक टेबलावर सपाट ठेवा. पट्टी घडीत आतून घाला आणि बाहेरच्या अंगाला सरकवत या. घाई नको. कागद तुमचं ऐकेल."

सर्रर्र असा बारीक आवाज आला. चाळीस बोटं लांबीचा कागद कापला जातोय असं वाटलं, इतका वेळ लागला. मग परिचर वाचायला लागला. मुद्दाम वाचा असं कुणी सांगितलं नव्हतं, पण तो माणूसही आता गुंतला होता.

पान ४१२वर सभापतींनी नाव पुकारलं होतं, आमच्या गावच्या सुईणीचं. आणि मग दोन्ही पानं तीच बोलत होती. मध्ये दुसरं कुणीही नाही. ती सांगत होती की बाळंतिणीला घेऊन ती दवाखान्यात जाते, दार उघडंच असतं, पण आत गेल्यावर बाळंतिणीला भिंतीशी उभं ठेवतात, कारण बाकडं 'तुमच्यासाठी नाही'. 'मी उभ्या बाईचं बाळंतपण केलं आहे,' ती म्हणाली होती. 'म्हणून या सभागृहाला माझं सांगणं आहे,' आणि तिथे ४१३ संपलं.

पुढचं वाक्य फोनवरून वाचायची गरज पडली नाही. मावशींनीच ते म्हटलं, डोळे मिटून, आई सांगायची तसं.

मी बावन्न वर्षांचा घोडा वाचनालयात सगळ्यांसमोर रडलो. वाचनालयात शांतता राखा अशी पाटी माझ्याच डोक्यावर होती.

बाईचे डोळे कोरडे होते. "दादा, फोटो पाठवा. नुसती ही दोन नकोत. मुखपृष्ठ, ४११, ४१४, तुमच्या ग्रंथालयाचा शिक्का, सगळं. आणि प्राचार्यबाईंचं सहीचं पत्र. एवढं आल्याशिवाय मी काही रडायची नाही."

शुक्रवारी सकाळी दहाला आम्ही चौघं नव्या इमारतीच्या व्हरांड्यात: प्राध्यापक, बाई, मावशी आणि मी. पाथरवट वेळेआधीच येऊन दगडाशेजारी छिन्नी पुसत उभा. प्राध्यापकांनी फोटो बघितले आणि म्हणाले, "फोनवरची चित्रं आहेत, बाई. ही प्रत विश्वासाची कशावरून?"

मी तोंड उघडणार होतो. तिनं हातानं थांबवलं. तिला तो प्रश्न इतका आवडला की ती चक्क हसली. शिक्क्याचा फोटो पुढे ठेवला, प्राचार्यबाईंचं पत्र पुढे ठेवलं. आणि मग तिसरा कागद. आज सकाळी नऊला विधी संस्थेच्या अभिलेखपालांचं उत्तर आलं होतं, आणि या बाईनं ते मलाही सांगितलं नव्हतं! त्यांनी कपाटातून आपली प्रत काढली होती. जोडपान तसंच होतं. उघडून बघितलं, आत तेच शब्द. 'आपण म्हणता तो अंगठा आमच्याच जुन्या सहकाऱ्याचा', असंही त्यांनी लिहिलं होतं.

"दोन प्रती, दोन गावं, दोन माणसं. एकमेकांना न ओळखणारी," ती म्हणाली. "आता साक्षीदार झाले, सर."

प्राध्यापकांनी सगळं पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. मला वाटलं, आता स्फोट. पण ते मावशींसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "विनयावरचं ते अर्धं पान माझ्याच लेखातलं आहे. सभापतींनी आभार मानले ते तुमच्या आईचे, आणि मी वीस वर्षं शिकवत आलो की बघा, केवढा मोठा माणूस! मला माफ करा."

"तुम्ही तरी काय करणार?" मावशी म्हणाल्या. "पान बंद होतं."

"नाही मावशी. पान बंद होतं, पण नामसूची उघडी होती. ती मी बघितली नाही." मग ते बाईकडे वळले. "नावाखाली आणखी काही कोरायचं?"

"हो," ती म्हणाली. "खंड आणि पान."

पाथरवट वैतागला. "अहो, मी जन्माचे आणि मरणाचे आकडे कोरतो. पानाचा आकडा दगडावर कोण कोरतं?"

"मी सांगते म्हणून कोरा," कुठूनबाई म्हणाली. "उद्या कुणी विचारलं, हे कुठून, तर दगडानंच उत्तर द्यायला हवं."

उद्घाटनाला ही गर्दी. दगडावरचा पडदा प्राध्यापकांनी मावशींच्या हातून काढवून घेतला. खाली सुईणीचं नाव आणि नावाखाली: खंड ७, पाने ४१२ ते ४१४. टाळ्या थांबेचनात. विधी संस्थेनं त्याच दिवशी संकेतस्थळावर दुरुस्ती टाकली आणि त्यात आमच्या बाईचं नाव घातलं, 'पुस्तकबांधणीकार' म्हणून. तिनं ते मला चार वेळा दाखवलं. चार वेळा! इतकी वर्षं शेजारी बसून मला पहिल्यांदा कळलं की या बाईला मिरवताही येतं. मिरवू दे. मीच पत्रक नव्यानं टाइप केलं, आणि तेव्हापासून तिला पाठीमागेही 'बाई'च म्हणतो.

समारंभानंतर एका वार्ताहरानं मावशींना अडवलं. हातात वही, कपाळावर आठ्या. "आजी, सगळं जग सभापतींचं नाव घेत होतं. हे वाक्य तुमच्या आईचं आहे, हे तुम्हाला कसं माहीत?"

मावशी दारात थांबल्या. वर दगडाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"आई सांगायची," त्या म्हणाल्या. "पण माझ्या बोलण्यावर जाऊ नका. खंड सातवा, पान चारशे बारा. स्वतः उघडून बघा."

आणि आत जाऊन खिडकीजवळच्या पहिल्या खुर्चीत बसल्या.